पुसले एका फोनमधून, गेले सगळीकडून

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

"माझ्याकडे फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप आहे. नवा फोन घेतल्यावर जुना भाच्याला द्यायचं ठरलं, म्हणून बसून त्यातले फोटो पुसले. दुसऱ्या दिवशी पाहते तर नव्या फोनमधले फोटोही गेलेले, टॅबलेटवरचेही. तीन वर्षांचे फोटो, त्यात माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षातले. दर महिन्याला पैसे भरते ते याचसाठी ना? फोटो आणि फाइलींसाठी एक, नोंदींसाठी एक, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर सगळीकडे सारखं राहावं म्हणून एक, अशा तीन वर्गण्या चालू आहेत. आमचे हे म्हणतात, सगळं बंद करून टाक. करू का? आणि तो फोन भाच्याला द्यायचा तरी कसा? हे होऊन आज नऊ दिवस झाले."

ताई,

पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि सदर लिहून होण्याची वाट न बघता तुम्हाला त्याच संध्याकाळी कळवलं. ते इथेही सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा तरी आज दुसरा किंवा विसावा दिवस असेल.

पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. आयक्लाउड फोटोजमध्ये तो 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस पडून असतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांचा. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यातही पुसलेली फाइल ३० दिवसांपर्यंत परत आणता येते. कॉन्टॅक्ट गेले असतील तर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या वेबसाइटवर 'अनडू चेंजेस' आहे. गेल्या ३० दिवसांत यादी ज्या वेळी जशी होती तशी ती परत करून मिळते. आयक्लाउडच्या वेबसाइटवरही कॉन्टॅक्ट, कॅलेंडर आणि फाइली परत आणायची सोय आहे. ही कामं शक्यतो फोनवरून करू नका. लॅपटॉपवर ब्राउझर उघडा, खात्यात शिरा आणि तिथून करा. मोठ्या पडद्यावर काय आलं आणि काय राहिलं ते नीट दिसतं.

तुमचं उत्तर आलं तेव्हा जीव भांड्यात पडला. बहुतेक फोटो मिळाले. जे मिळाले नाहीत ते का, हेही तुम्हीच लिहिलंत: जुन्या फोनमध्ये जागा मोकळी दिसेना म्हणून पहिला गठ्ठा तुम्ही ट्रॅशमधूनही काढून टाकला होता. तो आता त्या खात्यातून यायचा नाही, आणि यावर खोटी आशा मी दाखवणार नाही. पण त्यातले काही फोटो तुम्ही बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवले होते, ते तिच्याकडून आजच मागून घ्या. मूळ फोटोपेक्षा लहान झालेले असतील, तरी घ्या. वडिलांचा स्वतःचा फोन घरात कुठे असेल तर तो कुणाला देऊ नका, रीसेट करू नका. त्यांनीही फोटो काढले असतील. आणि त्यांचं गूगल खातं असेल तर त्या कामाला फार उशीर करू नका. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं. गेलेल्या माणसाच्या खात्यासाठी कुटुंबातल्या माणसांना गूगलकडे अर्ज करता येतो, तो करून ठेवा.

आता तुमचा प्रश्न. पैसे भरते ते याचसाठी ना?

खरं सांगायचं तर, याचसाठी नाही. तुम्ही पैसे भरता ते जागेसाठी आणि सारखेपणासाठी. तिन्ही यंत्रांवर एकच चित्र दिसलं पाहिजे, एवढंच सिंकचं काम. फोनवर फोटो वाढला की तिन्हीकडे वाढतो, नाव बदललं की तिन्हीकडे बदलतं, पुसला की तिन्हीकडे पुसला जातो. सेवेला हे तिन्ही हुकूम सारखेच. पुसणारीने विचार करून पुसलंय की तिला वाटलं हा फोन वेगळा आणि तो वेगळा, हे त्या सेवेला कळायला काही मार्ग नाही. तुमची सेवा बिघडली नव्हती, ताई. तिने सांगितलेलं काम चोख केलं, आणि म्हणूनच एवढं नुकसान झालं.

पूर्वी हे डोळ्यांसमोर व्हायचं. १९९६ साली पामचं 'पायलट' नावाचं तळहातावर मावणारं यंत्र आलं. ते एका खाचेत उभं करायचं, खाचेवरचं 'हॉटसिंक'चं बटण दाबायचं आणि त्याचं कॉम्प्युटरशी बोलणं संपेपर्यंत थांबायचं. बटण आपणच दाबलेलं असे, त्यामुळे काय कधी इकडचं तिकडे गेलं हे ठाऊक असे. आता ते बटणच उरलेलं नाही. फोन पर्समध्ये असताना, तुम्ही गाढ झोपेत असताना सिंक चालूच असतं. त्याची सगळी सोय यातच आहे, आणि तुमचा घातही यातूनच झाला.

एक प्रयोग घरी करून बघा, पाच मिनिटं लागतील. फोनने समोरच्या भिंतीचा एक फोटो काढा. टॅबलेट शेजारी उघडून ठेवा. थोड्या वेळाने तिथेही ती भिंत उमटेल. मग फोनमधून तो फोटो पुसा आणि टॅबलेटकडे बघत बसा. आधी काहीच होत नाही. फोटो जागच्या जागी असतो, आणि मग तुम्ही त्याला हातही लावलेला नसताना तो नाहीसा होतो आणि शेजारचे फोटो सरकून त्याची जागा घेतात. आवाज नाही, सूचना नाही. हे भिंतीच्या फोटोवर एकदा पाहून घेतलंत की पुन्हा कधीही पुसताना तुमचं बोट थांबेल. घरातल्या इतरांनाही दाखवा, विशेषतः ज्यांचे फोन 'स्टोरेज फुल'ची ओरड करत असतात त्यांना.

म्हणजे हवी ती अशी एक प्रत, जी सिंक होत नाही. बाहेरची हार्ड डिस्क घ्या. लॅपटॉपला लावा, फोटो उतरवा, डिस्क काढा आणि कपाटात ठेवा. काढा हे महत्त्वाचं. कायम लावून ठेवलेली डिस्क लॅपटॉपवरच्या प्रत्येक चुकीच्या आणि व्हायरसच्या तावडीत असते. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ असा एक हिशेब आहे: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. तुमच्या बाबतीत क्लाउड, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवरची तुमची जागा, ही घराबाहेरची एक प्रत झाली. घरातली डिस्क आणि लॅपटॉपवरचे फोटो मिळून हिशेब पुरा होतो. मला विचाराल तर वडिलांच्या फोटोंपुरती आणखी एक डिस्क बहिणीकडे ठेवा. तिलाही ती हवीच असेल.

फोटो उतरवताना एका ठिकाणी हमखास फसगत होते. फोनमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर मूळ फोटो क्लाउडवर असतात आणि फोनमध्ये त्यांच्या हलक्या, लहान प्रती. दिसायला सगळे फोटो दिसतात. केबल लावून फोनमधून उतरवायला गेलात की मूळ फोटो हाती लागत नाहीत. म्हणून क्लाउडमधूनच उतरवा. गूगलवर 'टेकआउट' नावाची सोय २०११ पासून आहे; तिथे आपला सगळा माल मागवता येतो आणि तो झिप फाइलींच्या तुकड्यांत मिळतो. फोटोंबरोबर तारखा आणि ठिकाणं यांच्या वेगळ्या छोट्या फाइली येतात. त्या निरुपयोगी वाटल्या तरी टाकू नका. ॲपलच्या 'डेटा अँड प्रायव्हसी' पानावरून तशीच प्रत मागता येते. मोठं खातं असेल तर तयार व्हायला काही दिवस लागतात आणि मेल आल्यावर ठरावीक मुदतीतच उतरवून घ्यावं लागतं, तेव्हा प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी मागवू नका.

उतरवून झालं की डिस्कवरचे दहा फोटो उघडून बघा. वेगवेगळ्या वर्षांतले, आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत. न उघडलेल्या प्रतीवर विसंबून राहिलेली आणि ऐन वेळी रिकामा फोल्डर निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

हे होईपर्यंत एकही वर्गणी बंद करू नका. तुमच्या यजमानांचा राग मला कळतो, पण आज सगळं बंद केलंत तर ज्या एका ठिकाणी मूळ फोटो आहेत, त्याच ठिकाणचा पाया काढल्यासारखं होईल. वर्गणी थांबली की फोटो त्याच क्षणी पुसले जात नाहीत, हे खरं. पण फुकट जागा थोडी असते: आयक्लाउडवर ५ जीबी, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ५, ड्रॉपबॉक्सवर २, गूगलवर मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५. त्यापेक्षा जास्त सामान असलं की नवे फोटो चढायचे थांबतात, फोनचा बॅकअप थांबतो, आणि आयक्लाउड किंवा जीमेलचा पत्ता असेल तर मेल येणंही बंद होतं. गूगलवर मर्यादेबाहेरचं सामान दोन वर्षं तसंच राहिलं तर ते पुसलं जाऊ शकतं, आणि वनड्राइव्हवर ही मुदत सहा महिन्यांची आहे.

आता एकेक वर्गणी घेऊ.

कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडरची बंद करा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालंय हे. तुमच्या फोनमध्ये जे गूगलचं किंवा ॲपलचं खातं आहे ते हे काम फुकट करतं, आणि कॉन्टॅक्ट इतकी थोडी जागा खातात की ५ जीबीत त्यांचा पत्ताही लागत नाही. कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह आणि कॉन्टॅक्टसाठी कार्डडॅव्ह अशा सर्वांना खुल्या असलेल्या पद्धती आहेत, त्यामुळे आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही घरात असले तरी एकच खातं दोन्हीकडे चालतं. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे एकाच यादीवर दोन सेवा काम करत आहेत. खूण सांगते: यादीत 'आई' असं शोधा. 'आई', 'आई', 'आई घर', 'आई नवीन', अशा चार ओळी आल्या आणि त्यातल्या दोघींचा नंबर एकच असला, तर एक सेवा नोंद पाठवतेय आणि दुसरी तिला नवी समजून परत लिहितेय. अशा वेळी एकेक पुसत बसू नका. आधी संपूर्ण यादी व्हीसीएफ फाइलमध्ये (कॉन्टॅक्ट साठवायची ही सगळीकडे चालणारी फाइल) उतरवून घ्या, मग एक सेवा फोनच्या सेटिंग्जमधून बंद करा, आणि त्यानंतर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'मर्ज अँड फिक्स' किंवा आयफोनवर दुहेरी नोंदी एकत्र करायची सोय वापरा. नवा नंबर जतन करताना तो कुठे जातो तेही बघून घ्या. काही फोनमध्ये तो 'फक्त या फोनवर' किंवा सिमवर जातो, आणि फोन हरवला की त्याच्याबरोबर जातो.

फोटो आणि फाइलींची वर्गणी ठेवा. फक्त एवढी मोठी लागते का ते बघा. खात्यात जागा कशाने भरली आहे याचा तक्ता असतो, तो उघडा. बहुतेकांच्या तक्त्यात फोटोंबरोबर असं काही निघतं ज्याची त्यांना आठवणही नसते: केव्हाच देऊन टाकलेल्या फोनचा बॅकअप, मेलमधल्या जड फाइली, तीच ध्वनिचित्रफीत चार ग्रुपांमधून आलेली. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगल खात्याच्या जागेत मोजला जातो. त्यातून व्हिडिओ वगळता येतात, आणि तेवढ्यानेच पुष्कळांना खालची वर्गणी पुरते.

नोंदींच्या सेवेबद्दल मी सावध आहे. आयुष्यातली सगळ्यात खासगी टिपणं माणसं तिथे ठेवतात आणि सगळ्यात कमी तपासतात. या सेवांचे नियम बदलतात. एव्हरनोटने २०१६ साली फुकट खात्याला दोनच यंत्रांची मर्यादा घातली, आणि २०२३ च्या डिसेंबरात फुकट खात्यात ५० नोंदी आणि एकच वही एवढंच ठेवलं. त्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडून नोंदी बाहेर काढता येतात, आणि माझ्या मते सेवा निवडताना पहिला प्रश्न हाच: माझं लिहिलेलं मला पूर्ण, वाचता येईल अशा रूपात परत मिळतं का? आज तुमच्या सेवेतून सगळ्या नोंदी एक्स्पोर्ट करून बघा. निघाल्या आणि दुसऱ्या एखाद्या साध्या ॲपमध्ये उघडल्या, तर वर्गणी ठेवायची की नाही हा तुमच्या आवडीचा प्रश्न. निघाल्या नाहीत तर ती सेवा कितीही देखणी असो, तिथे नवं काही लिहू नका.

नोंदींच्या बाबतीत आणखी एक. नेटवर्क नसताना मी एकदा प्रवासात फोनवर तीन तास एक लेख लिहीत होते. लॅपटॉपवर तीच नोंद जुन्या रूपात उघडी राहिली होती आणि घरच्यांपैकी कुणीतरी तिच्यात एक ओळ टाकली. मी घरी पोचले, फोनला नेटवर्क मिळालं, आणि माझे तीन तास गेले. नोंदीत ती एक ओळ मात्र होती. दोन्हीकडे बदल झाले की कुठला खरा हे सेवेला ठरवावं लागतं. ड्रॉपबॉक्ससारख्या सेवा अशा वेळी 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' म्हणून दोन्ही ठेवतात, काही सेवा नंतरची ठेवतात आणि आधीची टाकतात. माझा लेख 'व्हर्जन हिस्टरी'त, म्हणजे नोंदीची जुनी रूपं जिथे राहतात तिथे, सापडला. तुमच्या सेवेत तो पर्याय कुठे आहे हे गरज पडायच्या आधी शोधून ठेवा. आणि नेटवर्कशिवाय काम केलं असेल तर परतल्यावर दुसरं यंत्र उघडण्याआधी पहिल्याचं सिंक पुरं होऊ द्या.

पैसे भरले म्हणजे सेवा कायमची, हेही मनातून काढा. ॲपलने २००० साली 'आयटूल्स' नावाचा ऑनलाइन सेवांचा संच फुकट दिला, २००२ साली त्याचं 'डॉट मॅक' करून वार्षिक वर्गणी लावली, २००८ मध्ये 'मोबाइलमी' आणलं आणि २०११ मध्ये आयक्लाउड. मोबाइलमी ३० जून २०१२ ला बंद झालं. मेल, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर पुढे आयक्लाउडमध्ये नेता आलं. पण लोकांनी तिथे मांडलेल्या फोटो गॅलऱ्या आणि 'आयडिस्क' नावाच्या ऑनलाइन जागेतल्या फाइली पुढे गेल्या नाहीत. ज्यांनी वेळेत उतरवल्या त्यांच्या राहिल्या. ब्राउझरचे बुकमार्क सगळीकडे सारखे ठेवणारं एक्समार्क्स २०१८ च्या मे महिन्यात बंद झालं. प्रत्येक वेळी आधी सूचना आलेली असते, आणि ती अशा मेलवर आलेली असते जो आपण उघडत नाही. वर्गणीच्या सेवांचे मेल जाहिराती समजून टाकून देऊ नका.

आणि खातं सांभाळा. सगळं एका खात्यात आलं की ते खातं बंद पडणं म्हणजे घराची एकुलती एक किल्ली हरवणं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, पण कोड फक्त त्याच फोनवर येतील असं ठेवू नका. तो फोनच हरवला तर? रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना खात्यात शिरायचे राखीव कोड, कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. खात्याला जोडलेला जुना नंबर बदलला असेल तर आज तो नवा करा. ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आणि गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, म्हणजे आपल्यामागे कुणाला खातं उघडता यावं ते आपणच नोंदवून ठेवतो. वडिलांच्या फोटोंसाठी तुम्ही आज जी धडपड करताय ती तुमच्या मुलांना करावी लागू नये.

राहिला भाच्याचा फोन. त्यात आता काहीही हाताने पुसू नका, एक फोटोही नाही. ॲपल स्वतःच बजावून सांगतं की आयक्लाउडमध्ये साइन इन असताना हाताने पुसलं तर ते सगळ्या यंत्रांवरून जातं. आधी डिस्कवरची प्रत उघडून झालेली असू द्या. मग व्हॉट्सॲप आणि बँकेची ॲप नव्या फोनवर चालतात याची खात्री करा. जुन्या फोनवर कोड मिळवून देणारं एखादं ॲप असेल तर तेही नव्यावर न्या. त्यानंतर जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन खात्यातून साइन आउट करा. अँड्रॉइड असेल तर गूगल खातं त्या फोनमधून काढून टाका, नाहीतर रीसेट झाल्यावर तो फोन भाच्याकडे तुमचाच पासवर्ड मागत बसेल. साइन आउट झालं की सिम काढा, मेमरी कार्ड असेल तर तेही काढा, आणि मग संपूर्ण रीसेट. रीसेटने त्या फोनमधलं सगळं जातं, पण खात्याशी त्याचं नातं तुटलेलं असल्यामुळे तुमच्या नव्या फोनला धक्का लागत नाही. फोन पुन्हा सुरू झाला आणि भाषा निवडायचा पहिला पडदा आला, की तो भाच्याच्या हातात द्या. पुढचं खातं त्याचं त्यालाच घालू दे.